कावळ्याचा हेतू

५ ऑगस्ट, सोमवार

मिळाला! मला माझा शब्द मिळाला!

सकाळी मुख्य संपादक टेबलाशी आले, जुन्या दाखल्यांच्या चिठ्ठ्यांचं पाकीट पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "काकतालीय. अर्थ, उगम, उदाहरण. महिनाअखेर." आणि गेले. ते याहून लांब बोलत नाहीत, आणि ते बोलले की पुढे कोणी बोलत नाही, म्हणून कार्यालयात त्यांचं नाव पूर्णविराम पडलंय. मी उठून त्यांच्या पाठीला नमस्कार केला. शेजारच्या टेबलावरचे हसले. हसोत बापडे.

ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. (कोणासाठी? दैनंदिनी माझी, वाचणारा मीच. पण आज सगळ्या जगाला सांगावंसं वाटतंय.) आमच्या कार्यालयात एक मोठा शब्दकोश चाललाय. स्वर आधीच्या पिढीनं संपवले, आम्ही 'क'वर आहोत. मी आजवर दुसऱ्यांच्या नोंदी तपासत आलो. इथे काना राहिला, तिथे ओळ सरकली. दुसऱ्यांच्या लग्नात खुर्च्या मांडणारा असतो ना, तसा. आज पहिल्यांदा हार माझ्या गळ्यात पडलाय.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच वहिनींना बातमी दिली.

"म्हणजे काय हो भाऊजी ते?"

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ म्हणतो ना आपण? ते. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, पण एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नसतो."

"त्याला एवढा अवजड शब्द? योगायोग म्हणावं की सरळ."

यावर मी बरंच बोललो. वहिनी कणीक मळत हं हं म्हणत होत्या. पुतणीनं मात्र "काकाला काक मिळाला!" म्हणत घरभर काव काव करून उच्छाद मांडला. दादानं वर्तमानपत्रातून मान वर काढली, "पगार वाढला का?" विचारलं आणि नाही म्हटल्यावर मान परत आत घेतली. माझा आनंद एवढ्यानं कमी होणारा नव्हता.

९ ऑगस्ट, शुक्रवार

शब्द नव्हे, पेटारा आहे पेटारा!

काक म्हणजे कावळा, ताल म्हणजे ताड. कावळ्याचं येणं आणि ताडाचं पडणं यांची जशी गाठ पडली तसं अवचित जे घडतं ते काकतालीय. एवढ्याशा शब्दात अख्खी गोष्ट घडी घालून ठेवलेली. आणि गंमत म्हणजे ती गोष्ट नेमकी काय, यावर जुन्या पंडितांचं एकमत नाही. एका गटाचा कावळा ताडाखाली येतो, फळ त्याच्या टाळक्यात बसतं आणि तो जागच्या जागी संपतो. त्यांचं उदाहरणही तसंच, माणूस वाटेनं जायला आणि चोर यायला एकच गाठ. दुसरा एक मात्र रसिक निघाला. त्याच्या गोष्टीत फळ खाली पडून फुटतं आणि कावळा ते मजेत खातो. त्यानं उदाहरण दिलंय ते अवचित भेट झालेल्या दोघांचं. मी तेवढी ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

याच घराण्यात आणखी दोन शब्द सापडले. अजाकृपाणीय: शेळी यायला आणि तिच्यावर तलवार पडायला एकच गाठ. अंधकवर्तकीय: आंधळ्याच्या हाताला अचानक लावा पक्षी लागतो. आंधळ्याला कळतही नाही हातात काय आलं! मी टेबलावर एकटाच खो खो हसलो.

दुपारी एक बाई आल्या. बोटांना शाई, चष्मा माझ्यासारखाच, जवळच्या-लांबच्या दोन काचा जोडलेला. "तुम्हीच का ते कावळेवाले?" या आमच्या नव्या चित्रकार बाई. ज्या शब्दात गोष्ट असते त्याला चित्र द्यायचं, अशी कोशाची रीत आहे, आणि या खंडापुरतं त्यांना नेमलंय. त्यांची खोली तळमजल्यावर, उजेड बरा म्हणून. मी तिसऱ्या मजल्यावर.

"तुमचा कावळा जगतो की मरतो?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलेलं नाही."

"मग लवकर ठरवा. मेलेला काढायचा तर मला दोन दिवस जेवण जायचं नाही."

फारच मनमोकळ्या बाई. गेल्यावर लक्षात आलं, मी त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कोशाच्या कामात जुनेजाणते सांगतात, ज्या शब्दावर बसावं तो रस्त्यात भेटू लागतो. मला आता पटलं. काल सकाळी जिन्यात चित्रकार बाई भेटल्या. आज पुन्हा जिन्यात, दुसऱ्या वळणावर, त्याच पायरीवर! मी लगेच सांगितलं, "पाहा, हे काकतालीय." त्या म्हणाल्या, "हो का?" आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. शब्द त्यांना नवा आहे, समजायला वेळ लागणारच.

हल्ली मी लिफ्ट सोडून जिन्यानं जातो. या वयात व्यायाम हवा.

आज आणखी एक योगायोग. डब्यात नेहमीच्या दुप्पट जेवण निघालं. वहिनींचा अंदाज एरवी कधी चुकत नाही. आणि बरोबर आजच चित्रकार बाई डबा विसरल्या होत्या. आम्ही खाली त्यांच्या खोलीत बसून जेवलो. भिंतभर कावळे: मान वाकडी केलेला, पंख झाडणारा, चोच पुसणारा. माझी नोंद अजून पाटीइतकी कोरी आणि यांचे कावळे उडायला लागलेसुद्धा.

घरी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "झालं चुकून जास्त." उद्याही चुकेल असं वाटतं, त्या म्हणाल्या. माझं मेलं लक्षच नव्हतं, नाहीतर विचारलं असतं, उद्याची चूक आज कशी कळली.

१४ ऑगस्ट, बुधवार

झोप लागत नाही. भूक मंदावलीय. आंघोळ करताना गुणगुणतो म्हणून पुतणी हसते. दादा म्हणतो पित्त असेल. त्याला काय सांगणार! आयुष्यात पहिला शब्द हातात आला की माणसाचं असंच होत असणार. शब्दाची ओढ वाईट.

इस्त्रीला तीन सदरे टाकले.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज प्रयोग. कार्यालयाच्या मागच्या आवारात खरोखरीचा ताड आहे, फळांनी लगडलेला. माझ्या मनात आलं, पंडितांचं भांडण पुस्तकात कशाला सोडवायचं? कावळा आला की फळ पडतं, का पडायला झालेलं असतं म्हणून पडतं, कावळा मरतो की खातो, डोळ्यांनी पाहून यावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे चित्रकार बाईंना बोललो तर त्यांनी लगेच कागद, पेन्सिली आणि दोन घडीच्या खुर्च्या बाहेर आणल्या. मला वाटलं होतं त्या हसतील.

अर्धा दिवस झाडाखाली बसलो, फळाच्या टप्प्याबाहेर. बाईंना शेंडा दाखवून मी तलवार आणि शेळी समजावली, मग आंधळा आणि लावा पक्षी. आंधळ्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. "आणि पक्षी हातात आला तरी त्याला कळतच नाही?" "कसं कळणार? डोळे नाहीत ना." "पक्ष्यानं काय करावं मग? ओरडावं?" मी म्हटलं, याबाबत टीकाकार गप्प आहेत. त्यावर त्या इतक्या हसल्या की पेन्सिलीचं टोक मोडलं.

कावळा आला नाही. फळ पडलं नाही. सगळा दिवस फुकट गेला. फार मजा आली.

१८ ऑगस्ट, रविवार

आज कमालच झाली. संध्याकाळी दार वाजलं, पाहतो तर चित्रकार बाई! काल माझी टोपी खुर्चीवर राहिली होती, ती द्यायला. इकडून जातच होत्या म्हणे. त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला; इकडे काय काम निघालं कोणास ठाऊक. वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं ते नेलंच. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज. मी बाहेर दादाबरोबर बसलो. दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "टोपी कधीपासून घालायला लागलास?" मी म्हटलं, ऊन असतं. तो म्हणाला, "झाडाखाली?" हल्ली दादा फार खोचक बोलतो.

जाताना वहिनी बाईंना म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हो, पण घडा चांगला आहे." कुठल्या घड्याबद्दल चाललं होतं ते कळलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातला तर कालच बदललाय.

२१ ऑगस्ट, बुधवार

माझ्यासारखा करंटा मीच!

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा झाडाखाली बसलो होतो. चित्रकार बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर शाईचा टिपका लागला होता. सांगावं की न सांगावं, सांगितलं तर कोणत्या शब्दांत, या विचारात मी त्या टिपक्याकडे पाहत होतो. तेवढ्यात धप्प! मागे वळलो तर फळ जमिनीवर फुटून पडलेलं आणि एक कावळा काव काव करत कुंपणावरून पसार. जन्मात एकदा घडायची गोष्ट! शेकडो वर्षांचा वाद डोळ्यांदेखत मिटायचा होता, आणि मी कुठे पाहत होतो, तर नाकाकडे.

"आधी काय झालं? कावळा की फळ? तुम्ही पाहिलंत ना?" मी ओरडलोच.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग पाहत कुठे होता?"

"तुमच्याकडे."

मी काय पाहतोय ते पाहत असणार. दोघांनी एकमेकांवर विसंबून राहायचं आणि काम बोंबलायचं, हे कार्यालयात नेहमीचंच. मी मनापासून माफी मागितली. त्यांनी फुटलेलं फळ उचललं आणि म्हणाल्या, "कावळा जगला, एवढं तरी कळलं." त्या इतक्या छान हसल्या की माझं करंटेपण निम्मं पळालं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

जिन्यात आज चित्रकार बाई गंभीर होत्या. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या परगावच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलंय. पक्ष्यांचं एक मोठं पुस्तक, चित्रंही त्यांची आणि मजकूरही. आठवडाभरात कळवायचं, आणि हो म्हटलं तर लगेच पुढच्या रविवारी निघायचं.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर एक पायरी चुकल्यासारखं झालं. पण आपल्याला सल्ला विचारणाऱ्याला आपल्या पोटदुखीपायी चुकीचा सल्ला देणं बरं नव्हे. मी म्हटलं, "अशी संधी पुन्हा येत नाही. जरूर जा."

"इथे थांबायला काहीच कारण नाही, असं म्हणता?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. खंड संपतोय, नेमणूक संपतेय, कावळा काढून झालाय. "नाही दिसत," म्हणालो.

त्या खाली उतरून गेल्या. येत मात्र होत्या वर. काही विसरलं असेल. मला दिवसभर जेवण गेलं नाही. दादा म्हणतो तसं पित्तच असावं.

२६ ऑगस्ट, सोमवार

नोंद पुरी! आनंद गगनात मावत नाही. म्हणजे मावत नसायला हवा. थोडा मावतोय.

आमच्याकडे दर सोमवारी संध्याकाळी वाचन होतं. नवी नोंद सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायची आणि कोणीही तिला खोडायचं. अर्थ टिकला, उगम टिकला. दोन्ही कावळे ठेवले, मेलेला आणि जेवलेला. बाईंनी चित्रही असं काढलंय की फळ हवेत आहे आणि कावळ्यानं नुकती मान वर केलीय. पुढचं वाचणाऱ्यानं ठरवावं. हुशारी आहे.

घोडं अडलं होतं उदाहरणापाशी. कोशाचा दंडक असा की उदाहरण खरं हवं, घडलेलं हवं, टेबलावर बसून रचलेलं नको. फक्त 'मी' घालायचा नाही. चोर आणि वाटसरू मला नको होते. मग सुचलं! या महिन्यात माझ्याइतके योगायोग कोणी पाहिलेत? मी लिहिलं: "त्या दोघांची जिन्यात रोज होणारी भेट निव्वळ काकतालीय होती, तिच्यात कोणाचाच काही हेतू नव्हता."

पूर्णविरामांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं. "घडलेलं आहे?" "रोज," मी म्हणालो. "ठेवा." छपाईआधी तपासायचं मुद्रित खाली चित्रकार बाईंकडे गेलं, चित्राची जागा पाहायला. उदाहरण वाचून त्यांना हसू येईल. आमच्या दोघांची एक आठवण कोशात कायमची राहिली, ही माझ्याकडून त्यांना निरोपाची भेट. मला तर वाटतं फार नाजूक सुचलं मला.

२८ ऑगस्ट, बुधवार

बाई जिन्यात नव्हत्या. कालही नव्हत्या. मुद्रित "चित्राची जागा ठीक" एवढ्या शेऱ्यानिशी परत आलं. हसल्या का, ते त्यावरून कळत नाही. त्यांनी संस्थेला होकार कळवला, असं शेजारच्या टेबलावरून समजलं.

योगायोगांची मालिका कधीतरी तुटायचीच. तिला कारण नव्हतं, तेव्हा तुटायलाही कारण नको, आणि तुटल्याचं वाईट वाटायला तर मुळीच नको. हे सगळं मला पटतं. तरी मी आज जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. पाय भरून आले. शब्द हातावेगळा झाला तरी झोप कशी लागत नाही, याचं कोडं सुटत नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आज मी किती मोठा गाढव आहे ते मला सांगण्यात आलं. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विसरायला नको.

संध्याकाळी वहिनींनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. डबा चार दिवस अर्धा परत येतोय म्हणाल्या. मी म्हटलं, बाई जेवायला येत नाहीत. "का?" माहीत नाही. "भांडलात?" छे! उलट मी त्यांना भेट दिलीय, असं सांगून उदाहरण म्हणून दाखवलं. अगदी कौतुकानं.

वहिनींनी कपाळावर हात मारला. पुतणीच्या हातातली वाटी खाली पडली.

"भाऊजी, तिची खोली कुठे आहे?"

"तळमजल्यावर."

"आणि जिना कुठे जातो?"

"वर."

"वर तिचं काय आहे?"

मी विचार करायला लागलो. वर आमचा विभाग, चिठ्ठ्यांची कपाटं, गच्चीचं बंद दार. बाईंचं वर काहीच नव्हतं. एक मी सोडून.

"ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "लिफ्ट असताना तुम्ही जिना का चढता?"

"व्यायाम."

"कधीपासून?"

मी तारीख आठवायला लागलो आणि एकेक गोष्ट समोर आली. घरून लवकर निघणं. खालच्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करत उगाच रेंगाळणं, तिची पावलं वाजली की चढायला लागणं. इस्त्रीचे सदरे. ती टोपी. कोणाचाच काही हेतू नव्हता, असं मी अख्ख्या कोशात छापायला दिलं आणि इथे हेतूशिवाय दुसरं काही नव्हतंच! तिच्याकडून नाही आणि माझ्याकडून तर अजिबातच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसा काखेत घेऊन कळशीचा उगम शोधत बसलो होतो.

"काका, तुम्ही तिला पुस्तकातून नकार दिलात," पुतणी म्हणाली. "असा नकार कोणी दिला नसेल हो."

"ती रविवारी निघते," वहिनी म्हणाल्या.

दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घालून. हे मी प्रथमच पाहिलं. "ऊठ आणि काहीतरी कर," तो म्हणाला.

मला एकाच वेळी रडू येतंय आणि उड्या माराव्याशा वाटतायत. ती माझ्यासाठी रोज तीन मजले चढत होती! मी प्रेमात आहे. हे वाक्य लिहून त्याच्याकडे पाहत बसलोय. तपासायला काही नाही, काना मात्रा सगळं जागेवर आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लिफ्टची वाट न पाहता वर धावलो आणि सरळ पूर्णविरामांसमोर उभा राहिलो. खंड सोमवारी छापायला जायचा.

"काकतालीय. उदाहरण बदलायचंय."

"अंतिम मुद्रितानंतर बदल नाही."

"खोटं आहे ते, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. खोटं उदाहरण ही आमच्याकडे आग लागल्यासारखी बाब आहे. "वाचनात घडलेलं म्हणालात."

"भेटी घडल्या. पण हेतू नव्हता हे खोटं. हेतू होता."

"कोणाचा?"

सगळा मजला ऐकत होता. चिठ्ठ्यांच्या कपाटामागून दोन डोकी बाहेर आली. माझे कान लाल झालेले मलाच जाणवत होते.

"माझा," मी म्हणालो. "आणि बहुधा त्यांचाही."

"'बहुधा' कोशात चालत नाही. विचारून या."

"आत्ता?"

"आणि तुम्ही जे सांगताय तो शब्द 'प'च्या खंडात येतो. आपण 'क'वर आहोत. क्रम मोडताय तुम्ही." पूर्णविराम इतकं लांब बोलल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. मग ते हळूच म्हणाले, "पळा."

पत्ता वहिनींनी रात्रीच माझ्या खिशात घालून ठेवला होता. त्यांच्याकडे तो कसा आला हे विचारायचं राहिलं. असेल योगायोगानं माहीत.

दार तिनंच उघडलं. मागे खोकी, दोऱ्या, गुंडाळी केलेले कावळे. डोळे सुजल्यासारखे.

"तुम्ही? इकडे कसे?"

वाटेत मी चांगलं भारदस्त वाक्य जुळवून आणलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडावर येईना.

"मी जिना मुद्दाम चढायचो," म्हणालो. "खालच्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करत उभा असायचो ना, तो पट्टा चांगला होता."

मीच पुढे रेटलं. "ते उदाहरण खोटं आहे. माझ्या बाजूनं हेतू होता, ते सिद्ध झालंय. तुमच्या बाजूनं होता का, तेवढं सांगा. पूर्णविरामांनी विचारून यायला सांगितलंय."

"म्हणजे कार्यालयाच्या कामासाठी आलात?"

"नाही! नाही हो. ते नुसतं निमित्त. त्यांनी अडवलं असतं तरी आलो असतो. तुम्ही मला फार आवडता. हे मला काल संध्याकाळी कळलं. बाकी सगळ्यांना आधीच कळलं होतं असं दिसतं."

ती खोक्यावर बसली. "तिसऱ्या मजल्यावर माझं काय काम होतं हो?" म्हणाली. "वर धड पाणीसुद्धा नाही प्यायला. मला वाटलं, हा माणूस एकेक शब्द तोलून लिहितो, तेव्हा हेही तोलूनच लिहिलं असणार. छापून नकार दिला मला. चार दिवस रडतेय मी."

मला माझी जीभ हासडून द्यावीशी वाटली. तसं म्हणालोही. "मग आता तिथे काय घालणार?" तिनं डोळे पुसत विचारलं. म्हटलं, कावळ्याचंच घालीन. त्याला कोणी जाब विचारत नाही. यावर तिला हसू आलं आणि मला जरा श्वास घेता आला.

"जाऊ नका" एवढंच आता म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि माझी नजर तिच्या टेबलावर गेली. तिथे नव्या पुस्तकाचं पहिलं पान मांडलेलं होतं, त्यावर एक पक्षी आणि खाली तिच्या हातच्या चार ओळी, खोडून पुन्हा लिहिलेल्या. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या शब्दांना चित्रं काढत आलीय. पहिल्यांदा शब्दही तिचे आहेत. पाकीट टेबलावर पडलं तेव्हा मी कसा हवेत होतो, ते मला माहीत आहे. "जाऊ नका" माझ्या तोंडातून निघालंच नाही.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "तुम्ही जायलाच हवं."

तिचा चेहरा पडला. "पुन्हा तेच?"

"पुरतं ऐका तर! तुम्ही जा आणि ते पुस्तक करा. मी येत जाईन. दर रविवारी."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, खरं बोलतोय की पुन्हा काही लिहून आणलंय ते पाहावं तसं.

"असेच? योगायोगानं त्या गावात?"

"तिकीट काढून," मी म्हणालो.

ती हसायला लागली, मग मीही लागलो, आणि कोणालाच थांबता येईना, इतकं की शेजारच्यांनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं.